विश्लेषण : कोळंबीचे उभे पीक चार-आठ दिवसांत का जाते? रोग रोखण्याचे गणित काय?

कोळंबी तळ्याच्या काठाला येऊन थांबू लागली, चेक ट्रेमधले खाद्य जसेच्या तसे राहू लागले आणि बांधावर बगळ्यांची गर्दी वाढली, की कोळंबी उत्पादकाच्या पोटात गोळा येतो. कारण त्यानंतर हातात फार तर आठवडाभराचा वेळ असतो. तीन महिने वाढवलेले, लाखो रुपयांचे खाद्य खाल्लेले पीक त्या आठवड्यात वाचवायचे की काढून टाकायचे, याचा निर्णय घ्यावा लागतो. बहुतेकदा वाचवण्याचा पर्याय उरलेलाच नसतो.

भारतातून परदेशात जाणाऱ्या सागरी उत्पादनांत सर्वाधिक पैसा कोळंबीच मिळवून देते. तरीही या धंद्याचा खरा शत्रू बाजारभावापेक्षा रोग हाच राहिला आहे. कोळंबीचे रोग औषधाने बरे का होत नाहीत, लस का नाही, रोग रोखण्यासाठी तळ्यावर नेमके काय केले जाते आणि कोकणातील शेतकऱ्याने यातून काय घ्यावे, याचा हा आढावा.

कोळंबी शेती किती मोठी?

२०२४-२५ मध्ये भारताने सुमारे १६.९८ लाख टन सागरी उत्पादने निर्यात केली. त्यांची किंमत ६२,४०८ कोटी रुपये होती. त्यात एकट्या गोठवलेल्या कोळंबीचा वाटा ४३,३३४ कोटी रुपयांचा, म्हणजे दोन तृतीयांशांहून अधिक होता. सर्वात मोठा ग्राहक अमेरिका. ही कोळंबी प्रामुख्याने समुद्रात पकडलेली नसून तळ्यात वाढवलेली असते. उत्पादनात आंध्र प्रदेश फार पुढे आहे. त्याखालोखाल पश्चिम बंगाल, ओडिशा, तमिळनाडू, गुजरात ही राज्ये येतात. महाराष्ट्रात पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या खाड्यांच्या काठी ही शेती होते. पण तिचे क्षेत्र या राज्यांच्या तुलनेत लहान आहे.

या आकड्यांची दुसरी बाजूही आहे. चेन्नई येथील केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेच्या, म्हणजे ‘सीआयबीए’च्या अभ्यासकांनी २०२१ मध्ये रोगांमुळे होणाऱ्या तोट्याचा अंदाज प्रसिद्ध केला. त्यानुसार देशात रोगांमुळे वर्षाला दोन लाख टनांहून अधिक कोळंबीचे नुकसान होते. पैशांत ते एक अब्ज डॉलरच्या वर जाते.

१९९४-९५ मध्ये काय घडले?

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पूर्व किनाऱ्यावर टायगर कोळंबीची लाट आली होती. भाताची खाचरे बुजवून तळी खणली गेली. एकाच ओढ्यातून शेकडो तळी पाणी उचलत आणि त्याच ओढ्यात सोडत. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला. हा ‘व्हाइट स्पॉट सिंड्रोम व्हायरस’ त्याआधी पूर्व आशियात थैमान घालून आला होता. पाठीच्या कवचावर पांढरे ठिपके, अंगावर लालसर छटा आणि लक्षणे दिसू लागल्यापासून तीन ते दहा दिवसांत जवळपास सारे तळे रिकामे, हे त्याचे स्वरूप. एका तळ्याचे पाणी दुसऱ्याच्या पंपात जात असल्याने रोग पाण्याच्या वाटेने गावोगाव पोहोचला.

त्याच काळात या शेतीचे पर्यावरणीय परिणामही न्यायालयात पोहोचले. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एस. जगन्नाथ खटल्यात किनारा नियमन क्षेत्रातील कोळंबी प्रकल्प हटवण्याचा आदेश दिला. पारंपरिक आणि सुधारित पारंपरिक पद्धतीच्या शेतीला त्यातून वगळले. पुढे २००५ मध्ये कोस्टल अॅक्वाकल्चर ऑथॉरिटी कायदा झाला आणि भरतीरेषेपासून दोन किलोमीटरच्या पट्ट्यातील कोळंबी शेतीला नोंदणी बंधनकारक झाली. २०२३ मध्ये या कायद्यात दुरुस्ती करून तुरुंगवासाची तरतूद काढून टाकण्यात आली आणि हॅचरीपासून प्रजनन केंद्रांपर्यंत सर्व टप्पे कायद्याच्या कक्षेत आणले गेले.

वेनामी आली, मग रोग का गेले नाहीत?

२००९ मध्ये केंद्राने पॅसिफिक पांढऱ्या कोळंबीच्या, म्हणजे वेनामीच्या व्यावसायिक संवर्धनाला परवानगी दिली. ही मूळची मेक्सिको ते पेरूच्या किनाऱ्यावरची जात. ती दाटीत वाढते, कमी क्षारतेत तगते आणि तिचे बीज ‘एसपीएफ’ मादीपासून मिळते. परदेशातून आलेल्या मातृकोळंबीला आधी चेन्नईच्या विलगीकरण केंद्रात ठेवून तपासले जाते आणि मगच ती हॅचरीला दिली जाते. काही वर्षांतच वेनामीने टायगरला बाजूला सारले.

इथे एक गैरसमज अजून घर करून आहे. ‘एसपीएफ’ म्हणजे ठरावीक रोगजंतूंपासून मुक्त, रोगप्रतिकारक नव्हे. निर्जंतुक खोलीत वाढलेले बाळ बाहेर आल्यावर आजारी पडणार नाही, असे कोणी म्हणत नाही. तसेच इथेही आहे. हॅचरीतून स्वच्छ निघालेले बीज रोगट पाण्यात सोडले तर त्यालाही लागण होते. शिवाय हॅचरीत मादीला दिले जाणारे समुद्री किडे आणि इतर जिवंत खाद्य रोगजंतू घेऊन आले, तर आई स्वच्छ असूनही बीज दूषित होते.

कोळंबीला लस का देता येत नाही?

माणसाला किंवा कोंबडीला लस दिली की शरीर त्या विषाणूची ओळख लक्षात ठेवते आणि प्रतिपिंडे तयार करते. कोळंबीच्या शरीरात प्रतिपिंडे बनतच नाहीत. तिचे संरक्षण रक्तातील पेशी आणि काही प्रथिनांवर चालते. ही यंत्रणा कोणत्याही शत्रूवर तुटून पडते. पण विशिष्ट शत्रूला वर्षानुवर्षे लक्षात ठेवत नाही. त्यामुळे नेहमीच्या अर्थाने लस तिच्यावर काम करत नाही.

औषधाचेही तसेच आहे. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. आणि आजारी कोळंबी सर्वात आधी खाणे सोडते, मग खाद्यातून औषध देणार कोणाला? त्यात एका हेक्टरच्या तळ्यात लाखो जीव असतात. ‘रुग्ण’ वेगळा काढता येत नाही. म्हणून कोळंबी शेतीत उपचार हा शब्द जवळपास निरर्थक ठरतो. रोग तळ्यात येऊ न देणे आणि आलाच तर पसरू न देणे, एवढेच हातात राहते.

आज सर्वात जास्त पोखरतो तो रोग कोणता?

पांढरे ठिपके दिसतात, म्हणून त्यांची भीती वाटते. पण गेल्या दशकात उत्पादकांना सर्वाधिक बेजार केले ते ‘ईएचपी’ने. हा विषाणूही नाही आणि जिवाणूही नाही. बुरशीच्या जवळचा, अतिसूक्ष्म परजीवी आहे. २००९ मध्ये थायलंडमधील संशोधकांनी त्याला नाव दिले आणि २०१६ मध्ये भारतातील तळ्यांत तो असल्याचे शास्त्रीय नियतकालिकातून जाहीर झाले. तो कोळंबीच्या पचनग्रंथीत घर करतो. कोळंबी मरत नाही. ती वाढत नाही. शंभर दिवस झाले तरी तळ्यात लहान-मोठ्या आकारांची खिचडी दिसते. काही वेळा पाण्यावर विष्ठेचे पांढरे दोरे तरंगतात.

मेलेली कोळंबी मोजता येते, न वाढलेली मोजता येत नाही. म्हणून हा तोटा उशिरा कळतो. समजण्यासाठी एक नमुना हिशेब पाहू.

एक हेक्टर तळ्यात दर चौरस मीटरला ४० प्रमाणे ४ लाख बीज सोडले. ८० टक्के जगले आणि सरासरी वजन २० ग्रॅम झाले, तर उत्पादन ६,४०० किलो होते. बाजाराच्या भाषेत हा ‘५० काउंट’ माल, म्हणजे किलोला ५० नग. एक किलो कोळंबीसाठी १.४ किलो खाद्य लागले, तर एकूण खाद्य ८,९६० किलो. खाद्याचा दर किलोला ९० रुपये धरला, तर दर किलो कोळंबीमागे खाद्याचा खर्च १२६ रुपये येतो.

आता त्याच तळ्यात ईएचपी आहे असे समजू. ७५ टक्के जगली, पण सरासरी वजन १२ ग्रॅमवर अडकले. उत्पादन ३,६०० किलो. खाद्याचे प्रमाण १.८ वर गेले, तर दर किलोमागे खाद्याचाच खर्च १६२ रुपये. माल ‘८३ काउंट’चा, म्हणजे दरही कमी. वीज, मजुरी आणि बीजाचा खर्च मात्र तेवढाच. तळ्यात मेलेली कोळंबी फारशी दिसलीच नाही, तरी उत्पादन ४४ टक्क्यांनी घटले. कोळंबीच्या खर्चात निम्म्याहून अधिक वाटा खाद्याचा असतो. त्यामुळे वाढ थांबलेल्या तळ्यात रोज खाद्य टाकत राहणे म्हणजे रोज थोडे थोडे नुकसान विकत घेणे.

थायलंडच्या अनुभवातून काय दिसले?

२००९ च्या सुमारास चीनमध्ये बीज सोडल्यानंतर पहिल्या महिनाभरातच तळी रिकामी होऊ लागली. पुढे व्हिएतनाम, मलेशिया आणि थायलंडपर्यंत हे लोण पोहोचले. कारण कळेना, म्हणून त्याला ‘अर्ली मॉर्टॅलिटी सिंड्रोम’, म्हणजे लवकर मरण्याचा रोग, असे नाव पडले. २०१३ मध्ये अमेरिकेतील अॅरिझोना विद्यापीठातील डोनाल्ड लाइटनर यांच्या चमूने गुन्हेगार शोधला. तो होता व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस या समुद्राच्या पाण्यात सर्रास आढळणाऱ्या जिवाणूचा एक प्रकार. एका छोट्या जनुकीय तुकड्यामुळे तो विष तयार करू लागला होता आणि ते विष पचनग्रंथी नष्ट करत होते. तोवर जगातील आघाडीचा निर्यातदार असलेल्या थायलंडचे उत्पादन दोन-तीन वर्षांत निम्म्याहून खाली आले होते.

जिवाणू नेहमीचाच होता. पण तळी त्याला पोषक झाली होती. दाट बीज, तळाशी साचलेला गाळ आणि वाया गेलेले खाद्य, यावर व्हिब्रिओ पोसतो. थायलंडमधील अनेक उत्पादकांनी नंतर तळ्याला अस्तर घातले, मध्यभागी खड्डा करून रोज गाळ बाहेर काढायला सुरुवात केली आणि बीज थेट मोठ्या तळ्यात न सोडता आधी लहान नर्सरी टाकीत वाढवले. पाणी साठवण्याची आणि स्वच्छ करण्याची तळी वाढवण्यासाठी काहींनी प्रत्यक्ष कोळंबीचे क्षेत्रच कमी केले.

तळे भरण्याआधीच निम्मी लढाई कशी?

रोगप्रतिबंधाची सुरुवात बीज सोडण्याच्या किमान महिनाभर आधी होते. पहिले काम तळे पूर्ण रिकामे करून तळाला भेगा पडेपर्यंत वाळवणे. वरचा काळा, कुजक्या अंड्यासारखा वास येणारा थर खरवडून बांधाच्या बाहेर टाकायचा. बांधावर नव्हे, कारण पहिल्या पावसात तो परत आत येतो. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू उन्हात वाळलेल्या गाळातही जवळपास तीन आठवडे तग धरू शकतो आणि ओल्या गाळात त्याहून जास्त. चार दिवस ऊन दाखवून भागत नाही, ते याचमुळे.

ईएचपीचे बीजाणू त्याहून चिवट. आधीच्या पिकात हा रोग होता अशा मातीच्या तळ्यासाठी तज्ज्ञांची शिफारस हेक्टरी सुमारे ६ टन कळीचा चुना टाकण्याची आहे. पाणी पडताच उकळणारा हा चुना १० ते १२ सेंटीमीटर खोल नांगरून मिसळायचा, माती ओली करायची आणि आठवडाभर तशीच ठेवायची. मातीचा सामू १२ च्या वर गेला, तरच बीजाणू मरतात. नेहमीच्या शेतीचुन्याने ते काम होत नाही.

पुढचा टप्पा पाण्याचा. खाडीचे पाणी थेट तळ्यात घेणे ही सर्वात महाग पडणारी काटकसर आहे. त्या पाण्यातून चिंबोरीची पिल्ले, जवळा, माशांची अंडी आणि सूक्ष्म कवचधारी जीव आत येतात. यातले अनेक जीव स्वतः आजारी न दिसता पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू बाळगतात. म्हणून पाणी आधी बारीक जाळीच्या पिशव्यांतून गाळून वेगळ्या साठवण तळ्यात घेतले जाते. तिथे ब्लीचिंग पावडर टाकतात. दर हजार लिटरला ६० ग्रॅम हे प्रमाण धरले, तर सव्वा मीटर खोल पाण्याच्या एका हेक्टरला ७५० किलो पावडर लागते. नंतर काही दिवस एअरेटर चालवून क्लोरीन उडून जाऊ दिला जातो आणि तपासणी करूनच पाणी कोळंबीच्या तळ्यात सोडले जाते.

तळ्याभोवती खेकड्यांसाठी कुंपण आणि वर पक्ष्यांसाठी दोऱ्या किंवा जाळी लागते. बगळा एका तळ्यातली मरणारी कोळंबी उचलतो आणि दुसऱ्या तळ्यावर ती चोचीतून पडते. प्रत्येक तळ्याला वेगळा पाग, वेगळी बादली आणि आत येणाऱ्यासाठी पाय बुडवण्याचे जंतुनाशक, हे नियम त्याच कारणासाठी आहेत. माल बघायला या तळ्यावरून त्या तळ्यावर फिरणारा व्यापारी आणि त्याचे जाळे यांनाही हाच नियम लागू होतो.

बीजाचा अहवाल ‘निगेटिव्ह’ म्हणजे नेमके काय?

बीज घेण्याआधी पीसीआर चाचणी करणे आता रूढ झाले आहे. निदान पांढरे ठिपके आणि ईएचपी या दोन्हींसाठी ती हवी. पण अहवाल वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. टाकीत लाखो पिल्ले असतात आणि तपासली जातात ती दीडशेच्या आसपास. १५० पिल्लांचा नमुना घेतला, तर दोन टक्के पिल्लांना लागण असताना ती सापडण्याची शक्यता ९५ टक्के असते. लागण अर्ध्या टक्क्याला असेल, तर ती निसटण्याची शक्यता बरीच मोठी. चार लाख बीजात अर्धा टक्का म्हणजे दोन हजार रोगी पिल्ले. म्हणून चाचणी आवश्यक आहे, पण ती हमी नाही. आणि नमुना हॅचरीने आणून दिलेला नसावा. तो उत्पादकाने स्वतः टाकीतून काढलेला असावा.

त्याबरोबरीने साध्या तपासण्याही उपयोगी पडतात. पिल्ले प्रवाहाविरुद्ध पोहतात का, आकार सारखा आहे का, आतडे भरलेले आहे का, क्षारता अचानक कमी केल्यावर किती तग धरतात, हे तासा-दोन तासांत कळते. बीज तळ्यावर आल्यावर पिशव्या लगेच फोडायच्या नसतात. तापमान आणि क्षारता हळूहळू जुळवून मगच पिल्ले पाण्यात सोडायची. घाईने सोडलेले बीज पहिल्या दोन दिवसांत मरते आणि तळाशी गेल्याने दिसतही नाही. मग उत्पादक जिवंत नसलेल्या कोळंबीसाठी खाद्य टाकत राहतो.

किती बीज सोडायचे, हाही रोगाचाच प्रश्न आहे. वेनामीसाठी नियमानुसार कमाल मर्यादा चौरस मीटरला ६० आहे. पण मर्यादा म्हणजे उद्दिष्ट नव्हे. आपल्याकडे वीज किती तास आहे, एअरेटर किती आहेत आणि साठवण तळे किती मोठे आहे, यावर आकडा ठरतो.

पाणी, प्राणवायू आणि खाद्य यांचा रोगाशी काय संबंध?

रोगजंतू तळ्यात असला तरी दर वेळी रोग होतोच असे नाही. कोळंबीवर ताण आला की तो उसळतो. हा ताण मोजता येतो आणि तोच रोजच्या व्यवस्थापनाचा गाभा आहे. तापमान २८ ते ३२ अंश, सामू साडेसात ते साडेआठ, त्यात सकाळ-संध्याकाळचा फरक अर्ध्याच्या आत, विरघळलेला प्राणवायू लिटरला ४ मिलिग्रॅमच्या वर, हे साधारण धरले जाणारे आकडे. गारठ्यात पांढऱ्या ठिपक्यांचा धोका वाढतो, म्हणून अनेक ठिकाणी थंडीतले पीक टाळले जाते.

प्राणवायू सर्वात कमी असतो पहाटे, सूर्योदयाआधी. दिवसा प्राणवायू बनवणारे शेवाळ रात्री तोच वापरते. म्हणजे वीज जाण्याची सर्वात वाईट वेळ पहाटेची. साधा ठोकताळा असा, की चारशे ते पाचशे किलो कोळंबीमागे एक अश्वशक्तीचा एअरेटर. वरच्या उदाहरणातील ६,४०० किलोंसाठी १३ ते १६ अश्वशक्ती लागेल. जनित्र नसलेल्या तळ्यात एवढे बीज सोडणे हा जुगार ठरतो.

आता खाद्याचा हिशेब. कोळंबीच्या खाद्यात सुमारे ३५ टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन. ८,९६० किलो खाद्यातून तळ्यात सुमारे ५०० किलो नायट्रोजन जातो. त्यातला कोळंबीच्या अंगी लागतो जेमतेम एक तृतीयांशाहून थोडा अधिक. उरलेला ३०० किलोंच्या आसपास नायट्रोजन तळ्यातच राहतो आणि अमोनिया, गाळ, शेवाळ या रूपांत फिरत राहतो. तोच व्हिब्रिओचे अन्न होतो. म्हणून वाया जाणारी खाद्याची प्रत्येक मूठ दोनदा महाग पडते. एकदा विकत घेताना आणि एकदा पाणी बिघडवताना.

यावरचे साधन स्वस्त आहे. तळ्यात चार-सहा ठिकाणी बुडवलेले चेक ट्रे. ठरावीक वेळाने ते उचलून पाहायचे. खाद्य उरले, तर पुढची मात्रा कमी करायची. ढगाळ दिवस, जोराचा पाऊस, कात टाकण्याचे दिवस या काळात कोळंबी कमी खाते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास कात टाकण्याचे प्रमाण वाढते, असा उत्पादकांचा अनुभव आहे. आठवड्यातून एकदा पाग टाकून सरासरी वजन काढायचे आणि वहीत लिहायचे. दोन आठवडे वाढ थांबली, तर ईएचपीची चाचणी करायची. ही वही नसेल, तर रोग कळायला शंभर दिवस लागतात.

रोग आलाच तर पहिले काय करायचे?

सर्वात मोठी चूक म्हणजे घाबरून तळ्याचे पाणी खाडीत सोडणे. त्याने आपले पीक वाचत नाही आणि शेजाऱ्याचे जाते. पांढरे ठिपके नक्की झाले आणि कोळंबी विकण्याजोगी असेल, तर पाणी न सोडता जाळ्याने ती काढून घेतात. हा विषाणू माणसाला बाधत नाही, त्यामुळे ताजी काढलेली कोळंबी खाण्यास हरकत नसते. ती लहान असेल, तर तळ्यातच क्लोरीन टाकून सारे निर्जंतुक करायचे. दोन्ही वेळा क्लोरीन टाकलेले पाणी किमान आठवडाभर धरून ठेवायचे. मेलेली कोळंबी चुन्यासह पुरायची.

त्याच दिवशी शेजाऱ्यांना कळवायचे, म्हणजे ते पंप बंद ठेवतील. इथेच अडचण आहे. रोगाची बातमी फुटली, की व्यापारी दर पाडतो, म्हणून उत्पादक गप्प राहतो. तो गप्प राहिल्याने चार दिवसांनी पाच तळी जातात. आंध्रात काही गावांतील उत्पादक एकत्र येऊन एकाच वेळी बीज सोडणे, एकाच वेळी पाणी घेणे आणि रोग लगेच कळवणे असे नियम पाळतात, ते हा तिढा सोडवण्यासाठीच. केंद्राच्या राष्ट्रीय जलचर रोग सर्वेक्षण कार्यक्रमांतर्गत २०२३ पासून ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे अॅपही उपलब्ध आहे. त्यावर उत्पादकाला थेट माहिती देता येते.

प्रतिजैविके का नकोत?

पीक हातचे जाताना कोणी ‘औषध’ सुचवले, तर ते टाकण्याचा मोह होतो. पण क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांसारखी प्रतिजैविके कोळंबी शेतीत पूर्ण बंद आहेत. त्यांचा अंश परदेशातील बंदरावर सापडला, तर सारा माल परत येतो किंवा नष्ट होतो. युरोपीय संघाने २०१६ मध्ये भारतीय मालाच्या तपासणीचे प्रमाण दहावरून ५० टक्क्यांवर नेले. एका तळ्यातील चूक अशी साऱ्या देशाच्या मालावर येते. म्हणून काढणीआधी प्रयोगशाळेतून नमुना तपासून घेण्याची पद्धत रुळली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयात शुल्क लावल्यानंतर निर्यातदार इतर बाजार शोधू लागले. त्या बाजारांतही पहिला प्रश्न हाच असतो.

कोकणात यातले काय लागू पडते?

कोकणातील हंगाम पावसाने बांधलेला आहे. जून ते सप्टेंबर खाडीची क्षारता झपाट्याने पडते, पाणी गढूळ होते, उधाणाला बांध फुटतात. वेनामी कमी क्षारतेत तगते हे खरे. पण एका रात्रीच्या पावसात क्षारता आणि सामू घसरला, तर तिला तो ताण सोसत नाही. म्हणून उन्हाळी पीक पावसाआधी काढणे, बांधाच्या उतारावर आधीच चुना टाकणे, वरचे गोडे पाणी बाहेर काढण्याची सोय ठेवणे ही इथली खास कामे.

दुसरी गोष्ट म्हणजे बीजाचा प्रवास. हॅचरी प्रामुख्याने पूर्व किनाऱ्यावर आहेत. थकून आलेल्या पिल्लांना थेट तळ्यात न टाकता आठवडा-दोन आठवडे नर्सरीत ठेवणे आणि तिथेच दुसरी चाचणी करणे कोकणातील उत्पादकाला परवडण्याजोगे आहे, कारण इथली शेती लहान आहे. लहान असण्याचा आणखी एक फायदा आहे. तळी आंध्रासारखी खेटून नाहीत. एका खाडीवरचे दहा-पंधरा उत्पादक एकमेकांना ओळखतात. त्यांनी पाणी घेण्याच्या आणि सोडण्याच्या वेळा ठरवल्या, तर रोगाची वाट निम्मी बंद होते. उलट, खाजणात उघाडीतून भरतीचे पाणी आत घेण्याची जुनी सवय वेनामीच्या तळ्यात तशीच ठेवली, तर बाकी सारा खर्च वाया जातो.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीजदर आणि कर्ज याबाबतच्या सवलतींचा मार्ग त्यातून खुला होतो. रात्रभर एअरेटर चालवावा लागणाऱ्या धंद्यात विजेचा दर हा रोगप्रतिबंधाचाच भाग आहे. विम्याचा प्रश्न मात्र जुना आहे. नव्वदच्या दशकातील नुकसानीनंतर विमा कंपन्यांनी या पिकाकडे पाठ फिरवली आणि अजूनही बहुतेक उत्पादक विम्याशिवायच बीज सोडतात. तोवर त्यांचा विमा म्हणजे वाळवलेले तळे, गाळलेले पाणी, तपासलेले बीज आणि रोज लिहिलेली वही.